चोथ्यातला रंग

आईच्या हातचं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, सत्त्व आमच्या घोटीकडच्या सगळ्या नात्यात नावाजलेलं. कुणाकडे बाळ झालं की तिच्याकडून पुरचुंडी जायचीच. नागली रात्रभर भिजवायची, वाटायची, पातळ सुती कापडातून पिळून काढायची आणि खाली बसलेला साका उन्हात वाळवायचा. सत्त्व जितकं पांढरं तितका बाईचा हात चांगला, असा बायकांचा निवाडा होता. कापडात उरलेला तपकिरी चोथा गाईपुढे जायचा. आई नाशिकला माझ्या फ्लॅटवर राहायला आली तरी हा शिरस्ता मोडला नाही. इथे गाय नव्हती म्हणून चोथा कुंड्यांत जाऊ लागला, एवढाच काय तो फरक.

मग तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. रक्तातली साखर खाली आल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आणि साखर काही केल्या उतरेना. आईला माझा चेहरा नुसता धुरकट दिसायचा. मी बोलले की ती आवाजाच्या दिशेने बघून हसायची, माझ्या कानाकडे किंवा खांद्याकडे. ते हसू मला बघवत नसे. ही मला पुन्हा कधी बघणारच नाही की काय, अशी भीती वाटायची.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, भात कमी करायला सांगितला आणि वर म्हणाले, "नागली खात जा, आजी."

आईला आभाळ ठेंगणं झालं. "मंग त्यात काय हाय! नागलीवरच तर वाढले मी." आणि पथ्य म्हणून तिने सकाळ-संध्याकाळ सत्त्वाची पेज सुरू केली. आजारी माणसाला जाडंभरडं द्यायचं नाही, गाळून-सारून मऊ करूनच द्यायचं, ही आमच्याकडची माया. पुढच्या तपासणीत साखर आणखी वर! आईने सगळा दोष खतांवर टाकला. "नागलीत आता पयल्यासारखा दम नाय ऱ्हायला."

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तुझ्या त्या पांढऱ्या सत्त्वात पिठूळ स्टार्चच उरतो, असं मी सांगून पाहिलं. "मला नको शिकवू. तुला याच्यावरच वाढवलीय," एवढ्यावरच तिने माझी बोळवण केली. मग मीही हट्टाला पेटले. विहिरीत टाकतात ते जांभळं औषध, पोटॅशियम परमँगनेट, पाण्यात कालवलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन ग्लास मांडले. एकात सत्त्वाचं पाणी, दुसऱ्यात चोथा भिजवून गाळलेलं. आईला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि ग्लास तिच्या डोळ्यांशी धरले.

सत्त्वाच्या पाण्यात थेंब पडला आणि ते गुलाबी-जांभळं होऊन तसंच राहिलं. चोथ्याच्या पाण्यात थेंब पडला आणि पडताक्षणी त्याचा रंग गेला. आणखी थेंब टाकले, तेही गेले. उरलं फक्त फिकट तपकिरी पाणी.

"कुठं गेला गं?" आई कुजबुजली.

असले प्रयोग मी वर्गात जांभया देत केलेत. त्या सकाळी मात्र माझ्या अंगावर काटा आला. चोथ्यात उरलेल्या सालीतल्या द्रव्यांनी तो जांभळा रंग गिळून टाकला होता. मोहरीएवढा दाणा! उन्हात, किडी-बुरशीत आपला कोंब सांभाळायचा म्हणून तो ही रंगीत साल स्वतःभोवती विणतो. आणि त्याने स्वतःसाठी केलेलं ते कवच आपल्याही कामी येत असावं! साखर वाढलेल्या शरीरात काही उनाड कण पेशींना गंजासारखे खात सुटतात. सालीतली द्रव्यं त्यांना आवरत असावीत, असं म्हणतात. शिवाय सालीसकट पीठ सावकाश पचतं आणि साखरही सावकाश चढते. ग्लासात दिसलं ते रक्तात जसंच्या तसं घडत नाही, हे मला ठाऊक आहे. बरंच अजून तपासायचं राहिलंय, हेही. तरी त्या ग्लासासमोर हात जोडावेसे वाटले.

आईने चोथ्याचा ग्लास चाचपत हातात घेतला. मग म्हणाली, "म्हंजे इतकी वर्सं मी औषध गाईला घातलं?"

"औषध नाही गं. गोळ्या घ्याव्याच लागतील."

"गाय मातर लय तब्येतीत होती," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी खूप हसलो.

दुसऱ्या दिवसापासून पीठ न चाळता भाकरी. सोबत पालेभाजी, गोळ्या आणि संध्याकाळी माझा हात धरून गोदावरीकाठी फेरी. साखर हळूहळू उतरली. त्यात भाकरीचा वाटा किती, गोळ्यांचा किती, हे मी सांगू शकत नाही. पण एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि नीट पार पडलं.

दवाखान्यातून ती काळा चष्मा लावून घरी आली. जेवायला बसताना तिने तो काढला. ताटातली भाकरी उचलून खिडकीच्या उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"ही नागलीची?"

"हो."

"अशी लाल-जांभळी? आन् मी मेली जन्मभर हा रंग पिळून काढत ऱ्हायले!"

भाकरी तशीच हातात धरून तिने माझ्याकडे मान वळवली. या वेळी कानाकडे नाही, खांद्याकडे नाही. ती बघतच राहिली.

"पोरी," ती म्हणाली, "तुझे केस कधी गं पिकले?"