नेर ते महागाव, बाबांच्या तीन दाबांसकट

गाडी विकायची की नाही, हे या प्रवासावर ठरणार होतं. मी आणि आईनं तसं परस्पर ठरवून टाकलं होतं, बाबांना पत्ताच नव्हता. दिवाळीत नेरला घरी आले तेव्हा आमची जुनी लाल गाडी प्रत्येक चौकात बंद पडत होती. मी गुपचूप फोटो काढून विकायला टाकली आणि एक गिऱ्हाईकही मिळालं. आई म्हणाली, "एक डाव महागावले आत्याकडे जाऊन या. रस्त्यात बंद पडली, तर देऊन टाकू. बाहत्तरीच्या माणसानं गाडी ढकलत बसावं काय?"

थंडीत पुण्याहून सुटी काढून आले, तर बाबांनी एक पराक्रम करून ठेवलेला. थ्रॉटलचा सेन्सर, म्हणजे रेस किती दाबली ते इंजिनाला सांगणारा इवलासा तुकडा, त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहून घरीच बदलला होता. आणि गाडी आधीपेक्षा वाईट चालत होती! उभी असताना इंजिनाचा आवाज सारखा वर-खाली, क्लच सोडला की झटके.

"थोडी मिसिंग मारून राह्यली," बाबा म्हणाले. "रोज बॅटरीची तार काढून पुन्हा लावतो. बसंन जागेवर."

सकाळी आठला निघालो. आमच्याकडे गाडी चालू करायचा मान फक्त बाबांचा. तीस वर्षं त्यांनी सरकारी जीप चालवली. थंडीत ती जीप आधी तीन वेळा रेस दाबल्याशिवाय उठायची नाही. तेव्हापासून कुठलीही गाडी असो, चावी फिरवायची, तीन दाब द्यायचे, मग सुरू करायची. आई त्याला बाबांचा नमस्कार म्हणते.

यवतमाळपर्यंत तासभर लागला. कापसानं शिगोशीग भरलेल्या गाड्यांमागून हळूहळू जावं लागतं, त्यामुळे या दिवसांत जाणार असाल तर वेळ हाताशी ठेवा. बाभळीच्या फांद्यांना कापसाचे पुंजके अडकलेले असतात, ते बघत जायचं. यवतमाळात तर्री ओतलेला गरम आलुबोंडा खाल्ला. मी टेबलावर, बाबा गाडीपाशी उभ्यानं. गाडी बंद करायची त्यांची हिंमत नव्हती, पण तसं म्हणतील तर बाबा कसले! "मले उभ्यानंच चव लागते," म्हणाले.

पुढे महागावपर्यंत हायवे इतका छान आहे की गाडी धड असेल तर पोटातलं पाणी हलू नये. आमचं मात्र सगळंच हललं. आर्णीच्या अलीकडे ट्रॅक्टरसाठी वेग कमी केला आणि गाडी बंद. शेतातून कापूस वेचणारे दोघे धावत आले. "ताई, तुम्ही बसा आत, आमी ढकलतो." बाबाही मला स्टिअरिंगवर बसवून ढकलायला उतरले. नेमका तेव्हाच आईचा फोन आला. "बरोबर चालली ना?" "हो, मस्त," म्हटलं आणि मागच्या आरशात पाहिलं. मफलर सुटलेला, धापा टाकत बाबा ढकलत होते. खरं तर ठरलं तसंच झालं होतं, मला हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं ते गाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा.

आत्यानं सोल्यांची भाजी आणि ज्वारीची भाकरी केली होती. तुरीचे हिरवे दाणे, नुसता लसूण-मिरची. थंडीत इकडे याल तर हे खाल्ल्याशिवाय जाऊ नका. बाबांनी मात्र एकच भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या तांड्यावरून शेषराव मेकॅनिक आले. सेन्सरची पिन पाहिली, हवेचे पाइप चाचपले, थ्रॉटल साफ केला. सगळं जागच्या जागी. "काका, सेन्सर तर एकदम बराबर बसवला तुमी!" बाबांची मान ताठ झाली. शेषरावांनी बॅटरीची तार काढून लावली. "करा चालू." चालू केली, तर पुन्हा तेच हेलकावे. पुन्हा तार काढली, पुन्हा चालू, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र शेषराव इंजिनाकडे न बघता दारापाशी येऊन बाबांच्या पायाकडे बघत राहिले.

"काका, थांबा! पाय कायले दाबून राह्यले?"

"सवय हाय."

"अहो, तार काढली का सेन्सर सगळं इसरते. चावी फिरवल्यावर तो नव्यानं पाहते, पाय नसला म्हणजे पेडल कुठं असते. तुमी तवाच दाबून देता. कसं समजंन त्याले?"

"बाप्पा!" आत्या ओट्यावरून हसली. "याचा पाय लहानपणापासूनच थाऱ्यावर नसते."

बाबांनी काय करावं? दोन्ही पाय उचलून सीटवर चक्क मांडी घातली. चावी फिरवली, मनातल्या मनात काहीतरी मोजलं, मग सुरू केली. इंजिन इतकं शांत चालायला लागलं की आत्यानं विचारलं, "बंद पडली काय?"

शेषराव म्हणाले, सेन्सर एकदा शिकला की मग पाय कुठंही ठेवा. पण बाबांचा विश्वास नाही. परतताना आर्णीला चहा, यवतमाळला पेट्रोल, दर वेळी मांडी. पंपावरचा माणूस बघतच राहिला.

घरी आईला खरं सांगून टाकलं की बंद पडली होती. ती म्हणाली, "पडली ना? पण वापस तर आली."

निघायच्या दिवशी बाबा मला स्टँडवर सोडायला आले. बॅग काढून देताना सहज म्हणाले, "त्या गिऱ्हाइकाले फोन केला काय?"

"कुठलं गिऱ्हाईक?"

"बापाच्या गाडीचे चारी बाजूनं फोटो उगाच कोणी काढते काय वं? दिवाळीलेच समजलं मले. म्हणून तर सेन्सर बदलायले घेतला. म्हटलं, दुरुस्त झाली तर पोरगी राहू देईन."

तिथेच, त्यांच्यासमोर, जाहिरात काढून टाकली आणि त्या माणसाला फोन केला. बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बस हलली तेव्हा खिडकीतून पाहिलं. लाल गाडीत बाबा मांडी घालून बसले होते, चावी फिरवून थांबलेले, ओठ हलत होते. एक, दोन, तीन.