मामांच्या रोबोटची पाठ

"समोरून काय, कुणीबी चांगलंच दिसतंय. मागून बघा."

हे म्हणताना मामा हातातला पार्ट उलटा करायचे. वाळूजच्या कारखान्यात क्वालिटी विभागात मी नवा लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी मला शिकवलं ते एवढंच. पुढची बाजू सगळेच घासूनपुसून पाठवतात, चूक राहते ती मागे. सगळे त्यांना मामाच म्हणायचे; आमच्यात ते सगळ्यांत ज्येष्ठ, रिटायर व्हायला दोन-तीन वर्षं उरलेली. मूळचे कन्नड गावचे, पण राहायला माझ्यासारखेच पुंडलिकनगरात. त्यामुळे कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची खिडकी त्यांची.

ही खोड कारखान्यापुरती राहिली असती तर ठीक. एका लग्नात नवरदेवाच्या हातात आहेराचं पाकीट देऊन हे गृहस्थ शांतपणे त्याच्या मागे गेले आणि शेरवानीला किती सेफ्टी पिना लावल्यात ते बघून आले. घरी नवा फ्रिज आला तेव्हा दोन दिवस त्याचं तोंड भिंतीकडे होतं. "मला दूध ठेवायचंय अन् ह्यांना पाठ बघायचीय," मामी सांगायच्या. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.

तर या माणसाला रोबोटचं वेड होतं. लहानपणी कन्नडच्या आठवडी बाजारात शेव बांधून मिळायची ती जुन्या कॉमिक्सच्या पानांत. त्यातल्या एका रोबोटच्या गोष्टीची सुटी पानं त्यांनी जमवली, पण शेवटचं पान काही कधी मिळालं नाही. "मंग म्हटलं, ह्येचं पुढचं आपुनच करावं." ते त्यांनी पन्नाशी उलटल्यावर मनावर घेतलं. पॅकिंगमधला टाकाऊ फोम साहेबांना विचारून घरी न्यायचे, कापायचे, चिकटवायचे, चंदेरी रंग मारायचे. असा अंगात घालायचा आख्खा रोबोट त्यांनी उभा केला. छातीत मोटरसायकलचा इंडिकेटर बसवला होता, तो टिकटिक करत लागायचा.

शहरात एका मंगल कार्यालयात शनिवार-रविवार कॉमिक्स, अ‍ॅनिमे आणि व्हिडिओ गेमच्या चाहत्यांचा मेळा भरतो. पोरंपोरी आपापल्या आवडत्या पात्रांचे पोशाख करून येतात आणि लग्नातल्या त्याच लाल खुर्च्यांवर तलवारी सांभाळत बसतात. मामा दरवर्षी रोबोट घालून जायचे. फक्त पाठीची दोन कवाडं लावायला दुसरा माणूस लागे, स्वतःचा हात तिथवर पोचत नसे. ते काम मामींचं. पण त्या वर्षी मामी लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्या होत्या, आणि नेमकं त्याच वर्षी मामांनी रविवारच्या पोशाख स्पर्धेत पहिल्यांदा नाव दिलं होतं.

"भाऊ, पाठ लावायला येशील का?" त्यांनी बसमध्ये विचारलं. विचारताना ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, "मामा, दोन्ही दिवस येतो."

शनिवारी गेलो, आणि खरं सांगतो, मला फार मजा आली. "काका, हा कुठल्या सिरीजमधला?" एका मुलाने विचारलं. मामा म्हणाले, "आमच्या कन्नडच्या बाजारातला." मग ज्याच्या त्याच्या मागे जाऊन शिवण बघणं सुरू झालं. पंख लावून आलेल्या एका कॉलेजच्या मुलीचा पट्टा उसवला होता. रोबोटला खिसा नसल्यामुळे सुईदोरा माझ्याकडे दिलेला होता. तो मागून घेऊन त्यांनी तिचा पट्टा टाचून दिला, फोमचे जाड पंजे काढून, चष्मा नाकावर ओढून.

तिथे आमच्या कारखान्यातला कुणीतरी आला असावा. संध्याकाळी डिपार्टमेंटच्या ग्रुपवर आमचा दोघांचा फोटो पडला. रोबोट पुढे, मी मागे त्याची पाठ लावतोय. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. "आता माणसं कमी करून हेच लायनीवर लावा," सुपरवायझरने लिहिलं. मामांनी त्यावर अंगठा टाकला आणि मोकळे झाले. माझे मात्र कान तापले. मी तेव्हा पर्मनंट व्हायचा होतो आणि माझा कागद त्याच सुपरवायझरकडून पुढे जायचा होता.

रविवारी सकाळी मी मामांना मेसेज केला, "पाहुणे आलेत. उशीर होईल, पण येतो." पाहुणे कुठले आणि काय. येणार नाही हे लिहितानाच मला ठाऊक होतं. सरळ नाही म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून ते 'पण येतो' लिहिलं. दिवसभर घरात बसून मी आठवड्याच्या शर्टांना इस्त्री केली.

त्या पंखवाल्या मुलीने स्पर्धेचा व्हिडिओ मेळ्याच्या पेजवर टाकला होता, तो मी रात्री पाहिला. तिथला नियम असा की स्टेजवर आल्यावर एक पूर्ण गिरकी घ्यायची, म्हणजे परीक्षकांना पाठही दिसते. मामा आले, छातीत दिवा टिकटिक करत होता, टाळ्या पडल्या. "काका, आता गिरकी!" निवेदक म्हणाला. मामा हलले नाहीत. "काका, मागून दाखवा ना!" मामांनी मान हलवून नको म्हटलं, आणि तसेच, तोंड लोकांकडे ठेवून, एकेक पाऊल मागे टाकत पडद्याआड गेले. लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला असावा.

मी त्या मुलीला मेसेज करून विचारलं, तुमच्यापैकी कुणी त्यांची पाठ का नाही लावली? तिने लिहिलं, "मी दोनदा विचारलं. ते म्हणाले, नको बाळा, आमचा माणूस येतोय."

सोमवारी बसमध्ये मामा नेहमीच्या खिडकीशी होते.

"पाहुणे गेले का?"

"गेले."

"जेऊनखाऊन गेले ना?"

"हो."

"मंग झालं."

एवढंच. कारखान्यात त्यांनी ट्रेमधला पार्ट उचलला आणि उलटा केला. सगळं जग मागून तपासणाऱ्या या माणसाने मला कधी उलटून पाहिलं नाही. की पाहिलं आणि गप्प राहिले, ते मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर कित्येक महिने मी रोज त्यांच्या शेजारी बसून आलो-गेलो. उद्या सांगू, उद्या सांगू असं करत राहिलो. मी पर्मनंट झालो तेव्हा पेढा त्यांनी आणला. तो खाल्ला, तरी सांगितलं नाही. पुढचा मेळा तोंडावर आला असताना एका पहाटे झोपेतच मामा गेले.

दिवसकार्य झाल्यावर मामींनी मला घरी बोलावलं. रोबोट जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला होता. "तुम्ही न्या. शेवटच्या मेळ्याला त्यांच्याबरोबर तुम्हीच होता." मी चादर काढली आणि सवयीने आधी मागून बघितलं. दोन्ही कवाडांना कड्या बसवल्या होत्या. कड्यांतून पातळ दोरी ओवून ती काखेखालून पुढे आणली होती.

"त्या मेळ्यानंतर बसवली ही," मामी म्हणाल्या. "म्हणले, आता आपलं आपल्याला लावता येतंय. उगा कुणाला कशाला तरास."

मी रोबोट अंगावर चढवला. आत अजून त्यांच्या केसांच्या तेलाचा वास होता. मी दोरी ओढली.

मामी माझ्या मागे उभ्या होत्या. "लागली," त्या म्हणाल्या.