स्थिर पाण्यात भिजलेला खडू

आधीच सांगतो, भूत-भानामतीची गोष्ट ऐकली की माझा पहिला प्रश्न असतो — यात फायदा कोणाचा? स्वभावच संशयी. दूधवाला समोर उभा राहून दूध मोजत असला तरी मी मापाचा तळ बघून घेतो. त्यामुळे असलं काही मी लिहितोय याचं माझ्या घरच्यांनाच जास्त आश्चर्य वाटेल...

मी मूळचा साताऱ्याचा. नंदुरबारजवळ, धानोरा रस्त्यावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पाण्याच्या लॅबचा इन्चार्ज आहे. लॅबमध्ये काचेच्या भिंतींची बारा मीटर लांब टाकी आहे. तापीवर धरणाच्या फुगवट्यात वाऱ्याने किती उंच लाटा उठतात, ते मोजायचं काम कॉलेजला मिळालं होतं. त्यासाठी नवे सेन्सर आले — दोन बारीक उभ्या तारा, पाणी जितकं वर चढेल तितका व्होल्टेज जास्त. नदीवर नेण्याआधी ते टाकीत तपासायचे. एकेक सेंटिमीटर खाली-वर करून रीडिंग घ्यायचं, आणि शेवटी तासभर स्थिर पाण्यात सोडून द्यायचे. स्क्रीनवर रेघ सरळ राहिली की पास.

लॅबचे अटेंडंट हिलाल भाऊ. पंचावन्नच्या पुढचे, वीस वर्षं रोजंदारीवर. यंत्रं नव्हती तेव्हा ते काचेला आतून, पाण्याच्या वर, कोरडा खडू चोळायचे. लाट जिथवर चढेल तिथवर खडू धुऊन जायचा, मग पट्टी लावून उंची सांगायचे. मला तो पोरखेळ वाटायचा. ते म्हणायचे, "यंत्र चुकस सर, खडू चुकत नही." सेन्सर आले तरी सवयीने चोळायचेच.

तर, स्थिर पाण्याची टेस्ट मी जेवणाच्या सुट्टीत लावायचो, म्हणजे कोणाचा धक्का नको. परत यावं तर स्क्रीनवर रेघ अगदी सरळ... आणि खडू पाण्याच्या वर चार बोटं धुतलेला! टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकसारखा. एकदा नाही, सलग चार दिवस.

आता दोनच शक्यता. एक तर लाट आली आणि सेन्सरला कळली नाही, म्हणजे माझं महिनाभराचं काम पाण्यात. नाही तर कोणीतरी ओलं फडकं फिरवलं. किल्ल्या दोघांकडेच — एक माझ्याकडे, एक हिलाल भाऊंकडे. यंत्रं आली की आपली गरज संपेल या भीतीने म्हातारा खोड्या काढतोय, असं मी प्राचार्यांना लेखी देऊन मोकळा झालो. भाऊंना पत्ता लागू दिला नाही.

पाचव्या दिवशी त्यांना रंगेहाथ पकडायचंच म्हणून दार आतून बंद केलं, दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात, आणि भाऊंना टाकीपासून लांब स्टुलावर बसवलं. "हात गुडघ्यांवर ठेवा," म्हणालो. ठेवले बिचाऱ्यांनी. भर दुपारचा दीड, लख्ख उजेड, पंखा बंद. पाण्यावर साधा तरंग नव्हता. स्क्रीनवर रेघ सरळ. आणि माझ्या डोळ्यांदेखत काचेवरचा खडू खालून ओला व्हायला लागला. सावकाश... एक बोट, दोन बोटं, चार बोटं. मग थांबला. खाली पाणी जागच्या जागी. मी काचेला हात लावून पाहिला, तर ओला झाला. घाबरलो, खोटं कशाला बोलू.

हिलाल भाऊ बसल्या जागेवरून म्हणाले, "देखं ना सर? आते तरी बठ्ठास्ले सांगा, मी नही."

आता तरी सगळ्यांना सांगा — म्हणजे माझा संशय, माझं पत्र, त्यांना सगळं कळलेलं होतं.

आठवड्याने आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर माझं पत्र. भाऊंनी पाचव्या दिवसाचा दाखला दिला, तेव्हा प्राचार्यांनी मला विचारलं, "तुम्ही समोर होतात ना? काय पाहिलंत?" पाणी न हलता खडू भिजला, हे सांगितलं असतं तर सेन्सरचा रिपोर्ट कचऱ्यात आणि मी वेड्यात. "नक्की सांगता येणार नाही," एवढंच बोललो. आजही लाज वाटते. दुसऱ्या दिवसापासून भाऊंचं काम बंद झालं.

तेव्हापासून खडू मी स्वतः चोळतो. एकदाही भिजलेला नाही. स्टाफरूममध्ये म्हणतात, बघा, माणूस गेला आणि खोडी थांबली. काचेला पाणी आपोआप चढतं, पण ते एखाद-दोन मिलिमीटर. दमटपणा, गळती, काचेचे सांधे, सगळं तपासून झालं... उत्तर नाही.

गेल्या महिन्यात खांडबाऱ्याच्या बाजारात हिलाल भाऊ भेटले. लेकीकडे राहतात, मिरच्या घेऊन बसले होते. मी माफी मागायला तोंड उघडणार, तर त्यांनीच विचारलं, "आते चढस का पानी?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी समोरच्या मिरच्या नीट लावल्या. मग म्हणाले, "घरमा बठ्ठा म्हनतस, तूच करी ऱ्हायंता. आते माले बी तसंच वाटस... तुम्हीन व्हतात ना तठे, सर. मीच करं का ते?"

"नाही भाऊ. तुम्ही नव्हे. मी पाहिलंय."

त्यांनी मान हलवली. पण माझ्यावर विश्वास बसल्याचं काही दिसलं नाही.