चौथा कोपरा

मे महिन्यातल्या दुपारी आमच्या घराला वाळ्याचा वास येतो. बाहेर झाशीचं ऊन पालथ्या कढईसारखं शहरावर बसलेलं असतं, किल्ल्याचा खडक दिवसभर प्यायलेली आग हळूहळू परत सोडत असतो, मानिक चौकातले दुकानदार अर्धी दारं ओढून आत पेंगत असतात. आणि आमच्या मधल्या खोलीत, खिडकीला टेकवलेला जुना पत्र्याचा कूलर घरघरत त्या ओल्या वाळ्यातून थोडा थोडा गारवा आत ढकलत असतो. त्या घरघरीत माणूस धड झोपत नाही आणि धड जागाही नसतो. मला माझ्या आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी अशाच दुपारी आठवतात, आणि आठवलेल्या त्या खऱ्या किती नि स्वप्नातल्या किती, याचा हल्ली मी फारसा तपास करत नाही.

घरातली सगळी माणसं कूलरच्या समोर निजत, माझी मुलगी मैत्रेयी मात्र लहानपणापासून कूलरच्या मागे. खिडकीबाहेरच्या अरुंद सज्ज्यात, जिथे टाकीतलं पाणी ठिबकत भिंतीवरून ओघळतं, तिथे दर उन्हाळ्यात शेवाळाचा एक मखमली तुकडा उगवतो. सगळं बुंदेलखंड वाळून कोरडंठाक झालेलं असताना तेवढी हातभर जागा हिरवीगार. तिथे ही मुलगी डोक्यावर ओली ओढणी घेऊन, अण्णांचं पंचांग वाचायचं भिंग डोळ्याला लावून तासन् तास बसायची. अण्णा म्हणजे माझे वडील. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाले त्याला आता बराच काळ लोटला. ते भिंग शोधत घरभर फिरत आणि शेवटी खिडकीतून ओरडत, "मैतू, माझा डोळा दे!" ती आपली हिंदीत उत्तर द्यायची, "अभी लाई, अण्णा."

हे आमच्या घरातलं रोजचंच. आमचे पूर्वज कोकणातून इकडे आले ते कारकुनी आणि पूजाअर्चा करायला, आणि परत कुणीच गेलं नाही. मराठी तेवढी उरली, बरणीच्या तळाशी मुरलेल्या लोणच्यासारखी. जुनी, थोडी खारट, आणि आपली आपणच वाढून घ्यायची. बाजारात हिंदी, शेजारी बुंदेली, कचेरीत दोन्हींची भेळ. मी आणि माझी बायको वंदना, ती ग्वाल्हेरची, मैत्रेयीशी मराठीत बोलायचो आणि तिला सगळं समजायचंही. पण तिच्या कानातून आत गेलेली मराठी ओठांपर्यंत येईतो हिंदी झालेली असायची. मला त्याचं वाईट वाटे. अण्णांना वाटत नसे. "कानात आहे ना, मग जातेय कुठे," एवढं बोलून ते पंचांगात डोकं घालत.

बारावी झाल्यावर एका संध्याकाळी तिने जाहीर केलं की तिला वनस्पतीशास्त्र शिकायचंय, आणि तेही सह्याद्रीतल्या एका लहानशा कॉलेजात. इतकं लहान, की मोबाइलच्या नकाशावर त्या गावाचं नाव दिसायला बोटांनी पुन्हापुन्हा डोंगर मोठे करावे लागले. तिथे वर्षातले कितीतरी महिने भिंती ओल्या असतात, झाडांच्या सालींवर, दगडांवर, देवळाच्या पायऱ्यांवर शेवाळ चढतं, असं तिला कळलं होतं. जागा थोड्या, अर्ज करणारे पुष्कळ; आणि या बाईसाहेबांनी दुसरीकडे कुठे अर्जच केला नव्हता. वंदना म्हणाली, झाशीत कॉलेजं काय कमी आहेत का? मी नकाशावरचे डोंगर पुन्हा मोठे करून बघत बसलो. मुलगी स्वतःला हवं ते ठामपणे मागते आहे याचा अभिमान, आणि ती जाणार याचा धसका, दोन्ही एकाच वेळी मनात होते.

आता अण्णांची रीत सांगायला हवी. आमच्या घरातून महत्त्वाचा कागद बाहेर पडायचा असला की तो आधी देवापुढे ठेवायचा आणि त्याच्या चारी कोपऱ्यांना ओलं कुंकू लावायचं. लग्नपत्रिकांना सगळेच लावतात. अण्णा माझ्या नोकरीच्या अर्जाला लावत, बदलीच्या विनंतीला लावत, एकदा तर अवाच्या सवा आलेल्या वीजबिलाच्या तक्रारीलाही त्यांनी लावलं, आणि बिल खरोखरच कमी होऊन आलं, त्यामुळे पुढे कुणाला बोलायची सोयच उरली नाही. लहानपणी मी विचारलं होतं, हे कशाला? ते म्हणाले होते, "माणसाला वाटेत कुणी ना कुणी भेटतं रे. कागद एकटा जातो." अण्णांची मतं अशी, एकदा बसली की हलायची नाहीत. चमच्याने जेवणं हेही त्यांना मंजूर नाही. खीरसुद्धा ते बोटांनी खातात. आजारपणात पेज दिली तर वाटी सरळ तोंडाला लावतात, पण चमच्याला शिवत नाहीत. जेवणाआधी मात्र कोपरापर्यंत हात धुतात, आणि आमचेही धुतलेत की नाही ते बघतात.

त्या दिवशी मैत्रेयीच्या अर्जातला शेवटचा कागद जायचा होता, शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला इथे सगळे टीसी म्हणतात. तो स्कॅन करून पाठवला की झालं. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती. दाखला फडताळात होता. आम्ही चहा घेईपर्यंत अण्णांची पूजा आटोपली होती आणि मी देवघराशी गेलो तर दाखला देवापुढे, अण्णांचं बोट कुंकवाच्या पाण्यात, आणि ओठांवर काहीतरी पुटपुटणं. ते प्रदक्षिणेच्या क्रमाने चालले होते. वरचा डावा कोपरा झाला होता, वरचा उजवा झाला होता, आणि खालच्या उजव्यावर बोट नुकतंच टेकलं होतं. नेमकी तिथेच प्राचार्यांची निळ्या शाईतली सही आणि शाळेचा शिक्का. शाई पाण्यात मिसळली, कुंकू शाईत, आणि बघता बघता त्या कोपऱ्यात एक जांभळा ढग पसरला. "अण्णा!" मी ओरडलो. त्यांचं बोट चौथ्या कोपऱ्याच्या जरासं वर, हवेतच थांबलं.

इलाइट चौराह्यावरच्या स्कॅनिंगच्या दुकानदाराने कागद काचेवर ठेवण्याआधीच मान हलवली. "भाई साहब, इसमें साइन कहाँ है?" तरी आम्ही तो तसाच पाठवला, आणि दुपारी कॉलेजकडून निरोप आला: सही व शिक्का वाचता येत नाही, मुदतीच्या आत स्वच्छ प्रत पाठवावी. शाळेला सुट्टी लागली होती. शाळेच्या बाबूंना, म्हणजे कारकुनांना, फोन लावला तर ते भाच्याच्या लग्नाला मऊरानीपुरात, मागे बँड चाललेला. "अरे भैया, प्रिंसिपल साहब भी बाहर हैं," ते बँडच्या वरताण ओरडले, "टीसी तो अब जुलाई में ही बनेगी!"

खरं सांगतो, तो फोन ठेवताना मला आत कुठेतरी हायसं वाटलं. क्षणभरच. मनात आलं, पोरगी इथेच राहील, कूलरमागे बसेल, हिंदीत उत्तरं देत राहील. मग माझी नजर अण्णांकडे गेली. ते देवघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसले होते, जेवायला उठले नव्हते, आणि उजव्या हाताचं ते कुंकवाचं बोट डाव्या मुठीत असं धरून होते, जसं भाजल्यावर धरतात. त्यांच्या नातीचं आयुष्य त्यांच्याच बोटाने पुसलं गेलं, असं त्यांना वाटत होतं हे न सांगता कळत होतं. माझं हायसं वाटणं तिथल्या तिथे विरघळलं आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

मैत्रेयी रडली नाही, कुणावर चिडलीही नाही. ती मधल्या खोलीत आली आणि म्हणाली, "बाबा, कूलर बंद करो ना. फोन करना है." कूलर थांबला की आमच्या घरात जी शांतता उतरते तिची कुणालाच सवय नाही, आधी भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं, मग सज्ज्यातलं ठिबकणं, आणि मग गरम हवा पावलं न वाजवता आत येऊन आपल्या शेजारी बसते. फोन स्पीकरवर होता. पलीकडे कपबशा विसळल्याचा आवाज येत होता. कॉलेजातल्या प्रवेशाचं काम बघणाऱ्या बाई 'हॅलो' म्हणाल्या, आणि माझी मुलगी मराठीत बोलू लागली.

"नमस्कार मॅडमजी. मी झाशीहून मैत्रेयी बोलतेय. माझा दाखला तुम्ही परत पाठवला ना, त्याच्यावर ते... कुंकू आहे."

"कुंकू? दाखल्यावर?"

"हो जी. आमच्याकडे घरातून कागद निघाला की अण्णा, म्हणजे माझे आजोबा, त्याला कुंकू लावतात. कागद एकटा जातो म्हणून. दाखला फडताळात होता, त्यांनी काढला नि देवापुढे ठेवला. त्यांची काही गलती नाही. आमच्याकडे असंच असतं."

मी दाराची चौकट धरून उभा होतो. ते 'नि' अण्णांचं होतं, 'असंच असतं' म्हणतानाचा हेल वंदनाचा होता, 'जी' आणि 'गलती' झाशीची, आणि ते 'आमच्याकडे' मात्र कुणाकडून घेतलेलं नव्हतं, ते तिचं स्वतःचं होतं. घरातली सगळी मराठी तिने इतकी वर्षं ऐकून कुठे ठेवली होती कोण जाणे.

पलीकडच्या कपबशा थांबल्या. "फडताळ," बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "किती दिवसांनी ऐकतेय." मग त्यांनी विचारलं, एवढ्या लांबून आमच्याच कॉलेजात का यायचंय तुला?

मैत्रेयी थबकली. शब्द शोधताना ती खिडकीकडे बघत होती. "आमच्या कूलरच्या मागे शेवाळ येतं," ती म्हणाली. "मे महिन्यात इथे सगळं वाळतं, तेवढंच हिरवं राहतं. पहिले मला वाटायचं, कूलर बंद झाला की ते मरतं. पण मरत नाही, मॅडमजी. काळं पडतं, कागदासारखं होतं, भिंतीला चिकटून बसतं. कितीतरी महिने. मग पुन्हा पाणी पडलं की थोड्या वेळात उठतं. मी भिंगातून पाहिलंय. ते मधल्या दिवसांत काय करतं, कसं थांबून राहतं, ते मला शिकायचंय. इथे कुणी सांगत नाही."

मग बाई म्हणाल्या, "अर्ज मी ठेवून घेते. जागा मिळाली तर येताना हाच दाखला आण, डागासकट, आणि शाळा उघडली की नवा दे. पण मिळेलच असं आत्ता सांगत नाही हं." मैत्रेयीने फोन ठेवला. देवघराच्या उंबऱ्यावरून अण्णा भिंतीचा आधार घेत उठले आणि वंदनाला म्हणाले, "वाढ ग, भूक लागलीय."

जागा मिळाली. निरोप आला तेव्हा मैत्रेयी 'मिल गया' असं ओरडत घरभर पळाली, वंदनाने देवापुढे साखर ठेवली, आणि मी पोटभर आनंद झाल्यासारखा हसलो. आनंद झालाच होता. पण तो कोरड्या घासासारखा गिळायला थोडा अवघड गेला. अण्णांनी मात्र त्या दिवसापासून कुठल्याही कागदाला हात लावला नव्हता. वंदनाने एकदा मुद्दाम बँकेचा कसलासा अर्ज त्यांच्यासमोर ठेवून पाहिला, तर "असू दे तसाच" म्हणून त्यांनी तो बाजूला सरकवला.

जायच्या दिवशी सकाळी, वंदना तिला पोचवायला बरोबर जाणार होती, बॅगा दाराशी लागल्या होत्या, आणि मैत्रेयी तो डागाळलेला दाखला घेऊन अण्णांसमोर येऊन बसली.

"अण्णा, चौथा कोपरा राहिलाय."

"नको ग बाई," अण्णा म्हणाले. "एकदा झालं ते पुरे. आणि आता कागद एकटा कुठे जातोय? तू आहेस ना त्याच्याबरोबर."

"हो, पण आई तर परत येईल," ती म्हणाली. "मग मी एकटीच ना."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. मग हात लांबवून कुंकवाचा करंडा घेतला. या वेळी त्यांनी बोट ओलं केलं नाही. कोरडं कुंकू अनामिकेवर घेऊन त्यांनी ते चौथ्या कोपऱ्यावर टेकवलं आणि दाबून धरलं, इतका वेळ की गाडी चुकेल की काय असं मला वाटू लागलं.

मायलेकींना गाडीत बसवून मी परतलो तेव्हा ऊन चढलं होतं. स्टेशनवर पोरगी खिडकीतून हात हलवत काहीतरी म्हणाली, ते गोंगाटात ऐकू आलं नाही. मराठीत म्हणाली की हिंदीत, तेही कळलं नाही, आणि मला वाटतं मी प्रथमच त्याची फिकीर केली नाही. घरी येऊन मी वंदनाने करून ठेवलेलं वरण गरम केलं, दोन ताटं घेतली. अण्णा मोरीकडे न जाता सरळ पाटावर येऊन बसले आणि भाताकडे बघत जरा अवघडून म्हणाले, "चमचा असेल का रे घरात?"

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. अनामिकेवर सकाळचं कुंकू तसंच होतं.

फडताळ उघडून मी चमचा काढला, पुसून त्यांच्या ताटात ठेवला. ते लाल बोट जपून वर उचलून धरत अण्णा चमच्याने वरणभात जेवू लागले, लहान मुलासारखे, अर्धा सांडत. मी कूलर लावला. वाळ्याचा वास खोलीभर पसरला, मागच्या भिंतीवरच्या शेवाळावर पाणी ठिबकू लागलं, आणि आम्ही दोघं जेवत राहिलो. संध्याकाळी वारा सुटून खोली गार झाली तरी मी कूलर चालूच ठेवला.