पाणी सुटल्याचा फोन

कुसगावच्या वर, डोंगराच्या अंगाला कातळवाडी आहे. इथे पाऊस धो धो पडतो आणि नळाला पाणी मात्र वीज असेल तेव्हाच येतं. पाणी सोडणारे हौशीरामभाऊ कधी पहाटे चावी फिरवतात, कधी भर दुपारी. वाडीतल्या बऱ्याच बायका जवळच्या बंगल्यांवर कामाला जातात. पाण्यासाठी घरी थांबलं तर खाडा, कामाला गेलं तर हंडे रिकामे.

चैताली ओव्हाळ याच वाडीतली. वय सत्तावीस. लोणावळ्याच्या एका हॉटेलात ती रिसेप्शनवर होती. तिथे एक बटण दाबलं की सगळ्या खोल्यांना उठवणारा फोन जायचा. खोल्यांना जातो तर घरांना का नाही, असं तिच्या मनात आलं. पुण्यातल्या एका संस्थेने तिला सॉफ्टवेअर दिलं आणि थोडं मानधनही. तिने नोकरी सोडली. हौशीरामभाऊंनी चावी फिरवून चैतालीच्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, की सगळ्या घरांना रेकॉर्ड केलेला फोन जाणार. निम्म्या घरांत बटणांचेच फोन, त्यामुळे व्हॉट्सॲपचा उपयोग नव्हता. ऑगस्टपर्यंत चालवून बघा, मग ग्रामसभा ठरवेल, असं पंचायतीने सांगितलं. ग्रामसभा नाही म्हणाली तर संस्थेचं मानधन बंद आणि चैताली पुन्हा रिसेप्शनवर.

पहिला आवाज चैतालीचाच होता. "नमस्कार. आपल्या विभागात पाणीपुरवठा सुरू झाला आहे." निम्म्या लोकांनी 'नमस्कार' ऐकताच फोन कापला.

"मला वाटलं लोनवाली," विठाबाईंनी सांगितलं. त्या वरच्या आळीत राहतात. "गोड बोलली की आमी ठेवतोच."

मग चैताली चिमाबाईंकडे गेली. चिमाबाई भुशी धरणाच्या रस्त्यावर कणसं भाजून विकतात. धबधब्याच्या आवाजातही त्यांची हाक गाडीच्या बंद काचेतून आत जाते.

"मावशी, एवढंच म्हणा, पाणी सोडलंय, हंडे भरून घ्या."

"आनि फोन ठेवू? लोक काय म्हनतील? चिमाला चौकशी करायची रीत न्हाई?"

"रेकॉर्डिंग आहे मावशी. समोर कुणी नसतं."

"कानाला तर असतंय ना कोन?"

चिमाबाईंनी आपल्या पद्धतीने रेकॉर्ड केलं. "मी चिमा बोलतीया. चहा झाला का?" इथे त्या चक्क थांबल्या, समोरच्याचं ऐकून घेतल्यासारख्या. मग "बरं बरं" आणि त्यानंतर पाणी. चैतालीने मधली शांतता कापून टाकली. निरोप आटोपशीर ठेवायचा, हेच तिला हॉटेलात शिकवलं होतं.

फोन कापणं बंद झालं, पण रुसवे सुरू झाले.

"इचारती आन सांगू देत न्हाई," विठाबाई चिमाबाईंना रस्त्यातच म्हणाल्या. "लय मोठी झालीस व्हय गं?"

चिमाबाई तडक चैतालीकडे आल्या. "माझी अब्रू घालवलीस. ती थांबलेली जागा परत लाव."

चैतालीने लावली. एवढं सगळे त्या जागेत बोलतात तरी काय, म्हणून सॉफ्टवेअरला ते साठवायलाही सांगितलं. लोकांना अंधारात ठेवायला नको, म्हणून चिमाबाईंनी एक वाक्य जोडलं: "तुमचं बोलनं चैतालीला ऐकू जातंय, शिव्या बेतानं द्या."

उत्तरं आली. कुणाचा चहा झाला होता, कुणाचं दूध नासलं होतं. वरच्या आळीतून मात्र रोज एकच सूर: "चहा कशाचा, हितं पानी चढतच न्हाई. फोन येतो, पानी येत न्हाई." खालच्या आळीतले हंडे आणि घरामागचे हौद भरेपर्यंत वीज जाऊन पंप बंद व्हायचा. वरचे लोक हे एकमेकांत बोलायचे, पंचायतीत नाही.

ग्रामसभेत हनुमंतआबांनी हरकत घेतली. खालच्या आळीतलं पहिलं घर त्यांचं. "यंत्र नुसतं बोलतंय. आपलं कोन ऐकतंय? बंद करा."

"आबा, ऐकतंय," चैताली म्हणाली. ज्यांनी परवानगी दिली होती त्यांचे आवाज तिने स्पीकरवर लावले. वरच्या आळीची सात घरं एकामागून एक बोलली.

"माझं लावलं न्हाईस ते?" आबांनी विचारलं.

"तुम्हाला विचारायचं राहिलं."

"लाव की. मी काय चोर हाय?"

तिने लावलं. "झाला चहा. हौदबी भरतोय, चिमाबाय. काल तुमची कनसं कच्ची व्हती."

हसू ओसरायला वेळ लागला. चिमाबाई मागून ओरडल्या, "फुकट खाल्ल्यावर कच्चीच लागनार!"

आबाही हसले, पण हौद भरत असल्याचं सगळ्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. "बरं," ते म्हणाले, "पयलं वर सोडा. मग खाली." हौशीरामभाऊंनी मान डोलावली. फोन चालू ठेवायचं ठरलं आणि चैतालीचं मानधन पंचायत आणि संस्थेने निम्मं निम्मं द्यायचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी हौशीरामभाऊंनी वरची चावी आधी फिरवली. फोन गेले. चैतालीने सगळ्यात आधी विठाबाईंचं उत्तर उघडलं. आधी पाण्याची मोठी धार ऐकू आली, मग त्या: "चहा राहू दे गं चिमे, ठेव फोन. हंडा वाहतोय."