आमची दोघांची एकच फाइल

परभणीच्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर एक आणि त्याला टर्मिनल दोन. एकावर मी, दुसऱ्यावर माझा मानवतचा मित्र. युनिक्सच्या त्या मशीनला सगळ्या कमांड इंग्रजीत लागायच्या, त्याही तुटक. पण ज्याची-त्याची एक छोटी फाइल असायची. कुठल्या कमांडला आपण काय म्हणणार, ते तिच्यात लिहून ठेवलं की मशीन आपले शब्द मुकाट ऐकायचं. मित्रानं इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द बसवले. ‘बघ’ म्हटलं की फाइलींची यादी यायची. दुपारी लॉगिन करून आत शिरलं की स्क्रीन विचारायची, ‘जेवलास का?’ एकानं काही बदललं की दुसऱ्याच्या फाइलीत उतरवायचं, असा रिवाजच पडला. साहेब म्हणायचे, हे काय चाळे लावलेत. लावले तर लावले, कामं तर होत होती.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद तापलेला होता. जेवायच्या सुट्टीत टेबलं न सांगता वेगळी व्हायची. मी बौद्ध घरचा. माझ्याजवळ डबा उघडून बसणारा तो एकटाच. ‘सरक की लेका,’ म्हणायचा आणि आधी माझीच भाकरी मोडायचा.

मग त्याची जालन्याला बदली झाली. जाताना त्यानं फाइल फ्लॉपीवर घेतली. म्हणाला, ‘कायबी बदललं की धाडत जाऊ. दोघांचं एकच ठेवू.’ पाकीट एसटीच्या ड्रायव्हरकडं द्यायचं ठरलं. माझी पहिली फ्लॉपी ड्रायव्हरनं लय जपून बॉनेटवर, देवाच्या फोटोखाली ठेवली. मे महिना. देवगाव फाटा यायच्या आतच तिचं व्हायचं ते झालं असणार. त्याची चिठ्ठी आली, ‘पापड पोचला. तळू का?’ मी हसलो, पण सांगायला जवळ कोणी नव्हतं.

पुढच्या फ्लॉप्या मी पुठ्ठ्यात घालून पाठवल्या. तिकडून काही येईना. नामांतराच्या दिवसांत गाड्या बंद पडल्या तेव्हा मला बरंच वाटलं, कारण तरी मिळालं. गाड्या सुरू झाल्या आणि तेही गेलं. मी मात्र फाइलीतलं एक अक्षर हलवलं नाही. तो आला की त्याला सगळं जिथल्या तिथं सापडावं, एवढंच मनात. डबा आता मी स्क्रीनपुढंच खायचो. खोटं कशाला बोलू, लय एकटं वाटायचं.

उन्हाळ्यात तो कामानं आला. माझ्या खुर्चीत बसला आणि भराभर इंग्रजी कमांड मारायला लागला.

‘अरे, बघ म्हण की,’ मी म्हटलं.

‘अजून चालवायलास का हे?’ तो हसला. ‘तिकडं सगळ्यांचं एकसारखं लागतंय. मी तवाच काढून टाकलं.’ जरा वेळानं म्हणाला, ‘तुझं हे मधेमधे यायलंय. काढू का?’

तुझं, म्हणाला.

‘काढ,’ मी म्हटलं.

त्यानं काढलं, काम उरकलं आणि जालन्याची गाडी धरली. मी खुर्चीत बसलो, कळफलकावर बोटं ठेवली. त्या मशीनशी बोलायचं कसं, ते मला आठवेना.