पाहुण्यांच्या बाकावरचे दाजी

क्रिकेटच्या सामन्याला माणसं आपल्या गावाच्या बाजूला बसतात. दाजी पाहुण्यांच्या बाजूला बसायचे. हातात स्टूल, काखेत छत्री, आणि दुसऱ्या हातात कोकम सरबताची कळशी. खाडीपलीकडच्या गावाला आम्ही 'पलतड' म्हणतो. त्या पलतडच्या लोकांचा टेंपो, भातकापणीनंतर जिथे सामने होत त्या मळ्याच्या कडेला लागला, की दाजी आधी कळशी घेऊन पुढे व्हायचे. एकेकाला पेला भरून द्यायचे, म्हाताऱ्यांना सावलीतली जागा दाखवायचे आणि सगळ्यांचे घसे ओले झाले की आपल्या स्टुलावर बसून सुरुवात करायचे.

"मेल्यानू, टेंपो आताच तोंड फिरवून उभो करा. जाताना रडान रडान डोळ्यांक वाट दिसाची नाय!"

आवाज म्हणजे काय विचारता! तीस वर्षं दाजींनी भाताची गिरण चालवली. गिरणीच्या धडधडीवर आवाज चढवून बोलायची जी सवय लागली, ती गिरण बंद पडल्यावरही सुटली नाही. घरात मीठ मागितलं तरी चार घरं पलीकडे ऐकू जायचं. मी तिथल्या शाळेत मास्तर, आणि सामन्यांच्या वेळी स्कोअर लिहायला टेबलावर बसवलेला. टेबल आणि दाजी यांच्यात अख्खा मळा, तरी त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू यायचा. दाजी जाऊन आता दोन पावसाळे झाले. मळ्यात बसलो की कान अजून त्याच बाजूला लागतात, खोटं कशाला बोलू!

पलतडचा एक जण पिपाणी घेऊन यायचा आणि ती फुंकून फुंकून जीव नकोसा करायचा. दाजी त्याला कळवळून विचारायचे, "रे, तिका खंय दुखता काय? सकाळपासून रडता मरे!" दुसरा काळा गॉगल लावून पुढ्यात उभा राहिला, तर म्हणाले, "गॉगल घातलंस तां बरा केलंस. तुमचो स्कोअर उघड्या डोळ्यांनी बगवचो नाय." ज्याला बोलायचे तोच आधी हसायचा. त्यात दाजींची खरी हुशारी होती.

पण त्यांचे नेम कडक. "पावण्याक आदी पाणी, मगे टोमणो," हा पहिला. खेळणाऱ्या पोरांना एक शब्द बोलायचा नाही, हा दुसरा. "ते घाम गाळतत. माझो वाद बसणाऱ्यांशी." आणि तिसरा नेम सगळ्यांत मोठा. कोणाचे आईबाप, कोणाचं घर, कोणाचं दुखणं तोंडात घ्यायचं नाही. एकदा मी चेष्टेत म्हटलं, "दाजी, हे सगळं सोडून बोलायचं तरी काय?" तर माझ्याकडे असं पाहिलं, की मीच पहिलीतला पोर! "मास्तर, लागासारख्या कोणय बोलात. न लागासारख्या बोलूक अक्कल लागता."

ही अक्कल सगळ्यांकडे असती तर पुढचं घडलं नसतं. एका वर्षी आमच्याच वाडीतल्या डिग्याला दाजी व्हायची हुक्की आली. अंतिम सामना रंगात होता. डिग्याने पलतडच्या एका माणसाची, त्याची बायको माहेरी निघून गेली होती त्यावरून, भर मळ्यात टर उडवली. तो माणूस बाकावरून उठला. मग त्याचा भाऊ उठला. मग खुर्च्या उडाल्या, एकाचं डोकं फुटलं, चार टाके पडले, आणि सामना तिथेच थांबला. विजेत्याची ढाल आधीची तीन वर्षं पलतडकडे होती, ती तशीच त्यांच्याकडे राहिली.

खापर कोणाच्या डोक्यावर फुटावं? दाजींच्या! "हे लोण यांनीच आणलं," असं आमचे सरपंच म्हणाले. सरपंच घरात मालवणी बोलत, पण बैठकीत बसले की एकदम छापील मराठी. शाळेच्या वर्गात दोन्ही गावांची बैठक झाली आणि अट ठरली: दाजींनी यावं, बसावं, बोलावं. पण त्यांच्या बोलण्याने पाहुण्यांपैकी एक जरी माणूस जागेवरून उठला, तर दाजींनी पुन्हा मळ्यात पाऊल ठेवायचं नाही. कागद मीच लिहिला. दाजींनी डिग्याला एका शब्दाने दोष दिला नाही. एवढंच म्हणाले, "माका बगून शिकलो तो. नेम तेवढे शिकाक नाय." आणि सही केली. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. वहिनी, म्हणजे दाजींची बायको, वारून बरीच वर्षं झाली होती, मुलगा वसईला, गिरणीला कुलूप. वर्षातले सामन्यांचे ते तीन दिवस सोडले तर एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला बोलायला घरात कोणी नव्हतं.

पुढच्या वर्षी अंतिम सामन्याला पुन्हा आम्ही आणि पलतड. दाजी आले, सरबत वाटलं आणि स्टुलावर गप्प बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तोंडातून शब्द नाही. शेवटी पलतडकारांनाच राहवेना. "दाजीनू, बॅटरी उतारली काय?" एक जण ओरडला. दाजी नुसते हसले. आम्हाला ते हसणं बघवेना.

सामना मात्र असा अटीतटीला आला, की विचारू नका. शेवटचा एक चेंडू, पलतडला चार धावा हव्यात. त्यांची बाजू बोंबा मारून मळा डोक्यावर घेत होती. तेवढ्यात दाजी उठले. डोक्यावरची टोपी काढून काखेत घातली, पाहुण्यांकडे तोंड करून हात जोडले. मी स्कोअरची पेन्सिल खाली ठेवली.

"बा देवा म्हाराजाऽ! बारा-पाचाच्या देवा म्हाराजाऽ!"

गाऱ्हाणं! देवळात घालतात तेच, त्याच चालीवर. आमच्या भागात गाऱ्हाणं कानावर पडलं की माणूस विचार करत नाही. पाय आपोआप उभे राहतात, टोपी उतरते आणि तोंड 'होय म्हाराजा' म्हणतं. जन्मापासूनची सवय, ती काय एका सामन्याने सुटते? पलतडचे सगळ्यांत म्हातारे आबा पहिले उठले. मग बाकामागून बाक.

"आज ही पलतडची लेकरां तुझ्या मळ्यात इली हत, म्हाराजाऽ!"

"होय म्हाराजाऽ!"

"चार वर्सा तेणी ढाल घरात ठेवली, पण एक दिस धूळ पुसूक नाय. ती चूक पदरात घे, म्हाराजाऽ!"

"होय म्हाराजाऽ!"

"ह्या वर्सा ती ढाल हयसरच रवांदे, आनी ह्येंका हसत खेळत घराक पोचय रे म्हाराजाऽ!"

"होय म्हाराजाऽ!"

शेवटचा होकार सगळ्यांत मोठा! मग पिपाणीवाल्याच्या ध्यानात आलं, ढाल इथेच राहू दे म्हणून आपणच होकार देऊन बसलो, आणि त्याने कपाळावर हात मारला. काय हसू फुटलं म्हणता! दोन्ही बाजूंची माणसं पोट धरून लोळायला लागली. त्यांचा फलंदाज बॅटवर रेलून खदखदत होता. आमचा गोलंदाज धाव घेणार, तोच दाजी गरजले, "थांब रे! पोराचो हासो जिरांदे. मगे टाक. उद्या म्हणतले, हसवन आउट केल्यानी."

पोराने डोळे पुसले, पाणी प्यायला, पवित्रा घेतला. मग चेंडू पडला. त्याने उंच उडवला आणि मेरेवर, मळ्याच्या बांधालगत उभ्या असलेल्या आमच्या पोराने तो पोटाशी धरला. ढाल आमची! माणसं मळ्यात धावली, ढोल सुरू झाला, मी मास्तर असूनही टेबलावर चढून नाचलो.

आणि त्यात सरपंचांनी माईक हातात घेतला. "दाजी, अट ती अट. पाहुणे उठले. एक नव्हे, सगळेच."

ढोल थांबला. दाजींनी टोपी डोक्यावर ठेवली. "मान्य आसा," म्हणाले, आणि वळले. मळ्याबाहेर जायला निघालेला तो माणूस मला पाठमोरा एकदम म्हातारा दिसला.

"कोण जाता थंय?" पलतडचे आबा काठी टेकत टेबलाशी आले. "मास्तर, लिवा. आमी देवाच्या नावान उठलंव. दाजीच्या टोमण्यान उठाक नाय."

"पण आबा..." सरपंच म्हणाले.

"पण नाय नि बिण नाय! आमच्या पोरांचो खेळ आमी गावात रोज बगतंव. हडे टेंपो करून येतंव तां दाजीचा ऐकूक. तेका उठवशात तर फुडल्या वर्सा आमचे अकरा पोरगे तेवढे येतले. बगूक एक माणूस येवचो नाय. मगे खेळा दगडांफुडे!"

पलतडच्या बाकांवरून आवाज आला, "होय म्हाराजाऽ!" या वेळी कोणी फसवून म्हणवून घेतलेलं नव्हतं. सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद काढला, फाडला, आणि मळ्यात वाऱ्यावर सोडून दिला. आबांनी दाजींचा हात धरून त्यांना आपल्या बाकावर, अगदी मधोमध नेऊन बसवलं.

दाजींचे डोळे भरले होते. त्यांनी नाक शिंकरलं, आजूबाजूच्या हरलेल्या माणसांकडे एकदा नीट पाहिलं, आणि तो गिरणीवरचा आवाज पुन्हा अख्ख्या मळ्यात घुमला:

"मेल्यानू, जरा सरकान बसा! हरतास तरी किती जागा खातास!"